शून्य युनिटांचे घर

माझ्या माहेरच्या घराचे वीजबिल दर महिन्याला माझ्याकडे येते आणि वर्षातले आठ-नऊ महिने त्यावर वापरलेल्या युनिटांच्या रकान्यात शून्य असते. स्थिर आकार भरावाच लागतो, तो मी भरते. भाद्रपदात गणपतीला पन्नास-साठ युनिटे पडतात, शिमग्याची पालखी घरी येते तेव्हा दहा-बारा आणि मे महिन्यात डोंबिवलीचे चुलतभाऊ मुलाबाळांना घेऊन आले तर तीस-चाळीस. एरवी मीटरचा आकडा जागचा हलत नाही. ही बिले भरून झाली की मी एका तारेत ओवून ठेवीत असे. गेल्या मार्गशीर्षात ती सगळी तारेतून काढून, तारीखवार लावून, त्यांचे फोटो मला इंग्लंडला पाठवावे लागले, कारण माझ्या धाकट्या भावाला तिथे बेकारीच्या काळातली सरकारी मदत किती मिळेल, आणि मिळेल की नाही, हे त्या घराचा हिशेब कसा मांडला जातो यावर ठरणार होते.

घर देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीपासून थोडे आत आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि ओटी, मग माजघर, त्याच्या उजव्या हाताला देवघर, मागे न्हाणी आणि विहीर. आजोबांनी ते बांधले. वडील आणि काका यांच्यात वाटणी झाली नाही, करावी असे कुणाला वाटलेही नाही. आई गेली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर दाराला जे कुलूप लागले ते सणावारापुरतेच निघते. मी आठ किलोमीटरवर सासरी राहते, त्यामुळे चावी माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांतून एकदा जाते, खिडक्या उघडते, देवाजवळ दिवा लावते, वाळवीची माती कुठे चढली आहे का ते पाहते, तुळशीला पाणी घालते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. पावसाळ्यात कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून त्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधावी लागते, नाही तर खारा वारा त्याचे आतले सगळे खाऊन टाकतो. ती पिशवी सोडायची, कुलूप काढायचे, दार खांद्याने किंचित उचलून लोटायचे, कारण ते खाली घासते. एवढे करताना दरवेळी माझ्या मनात येते की घर मला ओळखते.

भाऊ २००३ मध्ये इंग्लंडला गेला. आधी उपाहारगृहात स्वयंपाकी होता, नंतर पाठीच्या दुखण्याने ते काम सोडून मालाच्या एका मोठ्या गोदामात लागला. तिथलाच नागरिक झाला. तो अठ्ठावन्न वर्षांचा असताना ते गोदाम बंद झाले. माझी भावजय शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसाचे तीन तास काम करते, तेवढ्यावर घरभाडे आणि थंडीतले गॅसचे बिल निघत नाही. पहिले सहा महिने त्याला जो बेकारी भत्ता मिळाला, तो त्याने पगारातून राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले होते म्हणून मिळाला. त्याला तिथे ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ म्हणतात. तो जास्तीत जास्त १८२ दिवस चालतो आणि त्यासाठी तुमची बचत किती, घर कुठे, हे कुणी विचारीत नाही. ज्याने हप्ता भरला त्याचा तो हक्क. आपल्याकडे राज्य कामगार विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ याच जातीची आहे. तिच्यात नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या मिळकतीच्या निम्मी रक्कम मिळते, आणि तिथेही गावाकडच्या घराचा प्रश्न येत नाही.

सहा महिने संपले आणि दुसरा दरवाजा ठोठवावा लागला. तिथल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या मदतीला विम्याचा हप्ता लागत नाही, गरज लागते, आणि गरज आहे हे कागदाने सिद्ध करावे लागते. अर्जात एक प्रश्न असा होता की तुम्ही ज्या घरात राहता त्याखेरीज दुसरी कोणती मालमत्ता तुमच्या मालकीची आहे काय, देशात किंवा देशाबाहेर, आणि असल्यास तिथे कोण राहते. त्या प्रश्नापाशी येऊन भाऊ थांबला आणि त्याने मला फोन केला. इतकी वर्षे तिकडे राहून त्याची मालवणी जशीच्या तशी आहे. “आक्का,” तो म्हणाला, “घर रिकामा आसा म्हणून लिवू काय?”

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. रिकामे हा शब्द आम्ही त्या घरासाठी कधीच वापरलेला नव्हता. भाडेकरू निघून गेला की खोली रिकामी होते. ज्याकडे कुणी फिरकणारच नाही ते ओसाड, कौले खाली आली की पडके, आणि ज्याची माणसे मुंबईला, पुण्याला, आखाताला आहेत पण चतुर्थीला येतील ते बंद. कोकणातल्या कुठल्याही वाडीत माणूस बोट दाखवीत सांगतो की हे बंद, ते बंद, त्या पलीकडचे उघडे. बंद म्हणजे ज्याची चावी कुणाकडे तरी आहे असे घर. जनगणनेतही रिकामे घर आणि कुलूपबंद घर यांची नोंद वेगळी होते. २०११ च्या जनगणनेत देशभरात २ कोटी ४६ लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली; रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. आमच्या वाडीतल्या सतरा घरांपैकी नऊ बंद आहेत. त्या नवांपैकी एकालाही रिकामे म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण अर्जातल्या चौकटीला हा फरक ठाऊक नव्हता. राहते घर आणि न राहते घर, एवढ्या दोनच जाती तिला माहीत होत्या.

मग आम्ही दोघांनी मिळून नियम समजून घेतले. तो रात्री तिकडून वाचून दाखवी आणि मी शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवल्याच्या सवयीने वहीत मांडून ठेवी. युनिव्हर्सल क्रेडिटचे नियम २०१३ चे आहेत. माणसाजवळचे भांडवल, म्हणजे बँकेतली शिल्लक, समभाग, न राहते घर, जमीन हे सगळे मिळून ६,००० पौंडांच्या आत असेल तर ते हिशेबात धरीत नाहीत. १६,००० पौंडांच्या वर असेल तर मदत अजिबात नाही. मधल्या पट्ट्यात असेल तर ६,००० च्या वरच्या दर २५० पौंडांना, किंवा त्याच्या अंशालाही, महिन्याला ४ पौंड ३५ पेन्स इतके उत्पन्न तुम्हाला आहे असे धरून तेवढी मदत कापतात. उत्पन्न प्रत्यक्षात येते की नाही हे पाहत नाहीत. नवराबायकोचा अर्ज एकत्रच करावा लागतो आणि दोघांचे भांडवल एकत्र मोजूनही मर्यादा तीच १६,००० ची राहते, एकट्यालाही तेवढीच. हे मला आजही पटत नाही. दोन माणसांनी आयुष्यभर दोन पिग्म्या भरल्या असतील तर त्यांना एकाच माणसाच्या मापाने का मोजावे?

परदेशातल्या घराचे काय, तर तेही मोजतात. त्या देशातून पैसे ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई नसेल तर त्या देशातल्या बाजारात घराची जी किंमत येईल ती धरायची. मनाई असेल तर ब्रिटनमध्ये कुणी ते घर विकत घ्यायला तयार झाला तर तो काय देईल ते धरायचे. भारतातून वारसाहक्काच्या मालमत्तेचे पैसे अनिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, म्हणजे मनाई नाही आणि पहिला नियम लागू. विक्रीला खर्च येणार असेल तर किमतीतून दहा टक्के वजा करतात, आणि घरावर कर्ज असेल तर तेही वजा होते.

सातबारावर आज पाच नावे आहेत. वडिलांच्या बाजूने मी आणि भाऊ, काकांच्या बाजूने तीन चुलतभावंडे. वडिलांचा निम्मा आणि काकांचा निम्मा धरला तर भावाचा हिस्सा एक चतुर्थांश येतो. तिथला नियम असा आहे की एकाहून अधिक मालक असतील आणि उलट पुरावा नसेल तर सगळ्यांचा हिस्सा समान धरावा. म्हणजे पाच नावांचा सातबारा तेवढा पाठवून आम्ही गप्प बसलो असतो, तर त्याचा हिस्सा एक पंचमांश धरला गेला असता, आणि ते त्याच्या फायद्याचे होते. त्याने मला विचारले. मी म्हटले की चौथाई आहे तर चौथाई लिही. तो लगेच हो म्हणाला, आणि त्याने लगेच हो म्हटल्याचे मला फार बरे वाटले.

तालुक्याच्या गावातल्या मूल्यांकनकारांना घेऊन मी एका सकाळी घरी गेले. त्यांनी टेप लावून भिंती मोजल्या, वाशांवर बोटाने ठोकून पाहिले, अकरा गुंठे जागा फिरून पाहिली, हापूसची चौदा कलमे मोजली. मग ओटीवर बसून म्हणाले की पाचही जणांनी एकत्र सह्या केल्या आणि गिऱ्हाईक मिळाले तर सगळे मिळून अठ्ठेचाळीस लाखांपर्यंत जाईल. मी आकडे वहीत मांडले. चौथाई म्हणजे १२ लाख. त्या आठवड्याचा भाव पौंडाला ११५ रुपये धरला तर सुमारे १०,४३५ पौंड. दहा टक्के वजा जाता ९,३९१. सहा हजारांच्या वर ३,३९१ उरतात, त्यात अडीचशेचे तेरा पूर्ण आणि एक अपुरा, म्हणजे चौदा भाग. चौदा गुणिले ४.३५ म्हणजे महिन्याला ६० पौंड ९० पेन्स. दोघांना मिळून २०२५-२६ साली मूळ रक्कम महिन्याला ६२८ पौंड १० पेन्स होती, तीही भावजयीच्या पगाराचा हिशेब होण्याआधीची. त्यातून ते बंद घर दरमहा ६१ पौंड खाणार होते. ज्या घराच्या पडवीत मी तेव्हा बसले होते आणि ज्याच्या विजेचा स्थिर आकार आणि घरपट्टी मी माझ्या पेन्शनीतून भरते, ते घर कागदावर भावाला दरमहा सात हजार रुपयांचे उत्पन्न देत होते.

हे ऐकल्यावर नातलगांकडून जे सल्ले आले ते सगळे चांगल्या मनाने आलेले होते. एकाने सांगितले की काही लिहूच नका, तिकडच्या माणसाला देवगड कुठे आहे हे कसे कळणार? तो विचार भावाने क्षणभरही केला नाही. दुसरा सल्ला अधिक गंभीर होता आणि त्याने आम्हाला दोन रात्री झोपू दिले नाही. भावाने आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र माझ्या नावे करून द्यावे; बहिणीच्या नावे झाले तर त्याच्याकडे काही उरणार नाही आणि घर घरातच राहील.

आमच्या भागात हक्कसोडपत्र हा शब्द उच्चारला की बायकांच्या मनात एक विशिष्ट चित्र उभे राहते. वडील गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका बाकावर ओळीने बसलेल्या बहिणी, डोक्यावरून पदर, भावाने आणलेला चहा, आणि मग एकेकीचा अंगठा किंवा सही. माहेर तुटू नये म्हणून हजारो बायकांनी त्या बाकावर बसून आपला हिस्सा सोडला आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये केली आणि केंद्राने २००५ मध्ये. त्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २३ वे कलमही काढून टाकले. त्या कलमामुळे राहत्या वाड्याची वाटणी मुलगे करीत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे. माझ्या भावाने मला त्या बाकावर कधी बसवले नाही. उलट आई गेल्यावर फेरफार नोंदवताना तलाठ्यांनी सहज विचारले, तेव्हा त्यानेच सांगितले की आक्काचे नाव राहील. आता तोच मला म्हणत होता की माझा हिस्सा तू घे, आणि मला ते घ्यायचे नव्हते.

सुदैवाने तिथला नियम इथे स्पष्ट आहे. मदत मिळावी किंवा जास्त मिळावी म्हणून कुणी आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर ती अजून त्याच्याच मालकीची आहे असे धरून हिशेब करतात. म्हणजे हिस्साही गेला असता आणि कपातही टळली नसती. हे कळले तेव्हा मला सुटल्यासारखे झाले. पण मी असेही म्हणेन की नियम तसा नसता तरी मी सही केली नसती. अडचणीत सापडलेल्या माणसाचा हिस्सा आपल्या नावे करून घ्यायचा आणि त्याला मदत म्हणायचे, हे मला जमले नसते.

तिसरी वाट कुणी सुचवली नाही, ती नियमांतच लिहिलेली सापडली, आणि ती सगळ्यांत कठीण होती. न राहत्या घरात अर्जदाराचा जवळचा नातलग आपले घर म्हणून राहत असेल, आणि त्या नातलगाचे वय तिथल्या पेन्शन क्रेडिटच्या वयाइतके, म्हणजे तेव्हा ६६, झालेले असेल, तर ते घर हिशेबातून पूर्ण वगळतात. बहीण ही जवळच्या नातलगांत येते. माझे वय ६७ आहे. भाऊ हे वाचून दाखवता दाखवता गप्प झाला. फोनवर बराच वेळ कुणीच बोलले नाही. मग तो एवढेच म्हणाला, “तू जातंस मा थंय?”

जाते तर. पंधरा दिवसांनी जाते, दिवा लावते, गणपतीत पाच दिवस राहते, गणपतीवर टांगलेल्या माटवीला कांगले आणि कवंडळे ही रानफळे मीच बांधते, नैवेद्याच्या पानावर पहिला घास ठेवते. त्या घरातल्या कुठल्या फडताळात कुठली परात आहे ते मला डोळे मिटून सांगता येते. घर कुणाचे, असे देवाला विचारले तर तो कदाचित माझे नाव सांगेल. पण रात्री मी अंथरूण घालते ते सासरच्या घरी, माझी औषधांची डबी तिथे आहे, माझे रेशनकार्ड, माझे मतदान तिथले आहे. ‘आपले घर म्हणून राहते’ या चार शब्दांत मी बसत नव्हते. मी खरोखर तिथे राहायला जावे का, हाही विचार केला. आठ दिवस केला. यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला आहे आणि डॉक्टर आमच्या गावात आहेत, तिकडे नाहीत. तेव्हा मी भावाला सांगितले की हे लिहू नकोस. तो म्हणाला, “नाय लिवणंय.” त्या दिवशी मी विनाकारण माहेरी गेले आणि दिवा लावण्याची वेळ नसताना दिवा लावून बसले.

पुढची एक सवलत होती ती घर विकायला काढल्यास मिळते. विकण्यासाठी खरेखुरे प्रयत्न सुरू असतील तर सहा महिने, आणि रास्त कारण असेल तर त्याहूनही अधिक काळ, घर हिशेबाबाहेर ठेवतात. तिथे राहून एखाद्याला शेजारच्या शहरातले दुसरे घर विकायचे असेल तर हा नियम न्यायाचा आहे. आमच्या घराला तो कसा लागू करायचा? एकाच्या पोटाच्या प्रश्नासाठी पाच जणांचे दैवत, विहीर आणि चतुर्थी विक्रीला काढायची काय? आणि काढली तरी घेणार कोण? चौदा कलमांची ती जागा सातबारावर शेतजमीन आहे. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते, आणि परदेशी नागरिक झालेल्या वारसाला ती भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते.

याच प्रश्नातून शेवटी खरे उत्तर निघाले. मूल्यांकनकारांनी जो आकडा सांगितला होता तो पाचांनी एकत्र विकण्याचा होता. पण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता की भावाचा एकट्याचा, न वाटलेला चौथा हिस्सा उद्या बाजारात काढला तर त्याला काय येईल. पूर्ण किमतीला चाराने भागून हे उत्तर मिळत नाही, कारण चौथाई घर म्हणून कुणी चौथी भिंत तोडून देत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घराचा सामाईक ताबा मागण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या विभाजन कायद्याचे ४ थे कलम घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मुभा देते. म्हणजे बाहेरचा माणूस पैसे देईल आणि उंबऱ्याबाहेर उभा राहील. असा हिस्सा कोण घेईल? मूल्यांकनकारांना मी पुन्हा भेटले आणि प्रश्न नीट शब्दांत विचारला. त्यांनी चष्मा काढून विचार केला आणि सांगितले की तीन-साडेतीन लाखांवर कुणी जाणार नाही, तेही घरातल्याच कुणी घेतला तर. ते त्यांनी कारणांसह लिहून दिले.

१९३१ मध्ये ब्रिटनमध्ये बेकारांच्या मदतीसाठी घराघरांत जाऊन ऐपत तपासण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा तपासनीस घरातल्या चीजवस्तू पाहत आणि आधी त्या विका असे सांगत, म्हणून ‘मीन्स टेस्ट’ हे शब्द तिथल्या कामगारांच्या दोन पिढ्यांनी रागाने उच्चारले. आजचे नियम तसे नाहीत, हे मी आता वाचून सांगू शकते. त्यांत नात्यांना, आजाराला, अडकलेल्या विक्रीला, न वाटलेल्या हिश्श्याला जागा आहे. पण ती जागा आपण होऊन कुणी दाखवीत नाही. ज्याला लिहिता येते, ज्याची बहीण मास्तरीण आहे, ज्याच्या घराची बिले तारेत ओवलेली आहेत, त्याला ती सापडते. भावासोबत काम सुटलेल्या एका माणसाचा पंजाबात असाच सामाईक वाडा होता. त्याने पूर्ण वाड्याची किंमत आपल्या नावावर लिहिली, अर्ज नामंजूर झाला आणि तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. त्याच्यासाठी मला आजही वाईट वाटते.

ऐपत तपासूच नये असे मी म्हणत नाही. पुण्यात तीन फ्लॅट कुलूप लावून ठेवणाऱ्याने दुसऱ्यांच्या करातून मदत घेऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडेही हीच गाठ आहे. माझा डोंबिवलीचा चुलतभाऊ दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत राहतो. शहरी पंतप्रधान आवास योजनेची अट अशी की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. त्याने अर्ज भरायला घेतला आणि त्या ओळीवर थांबला, कारण गावच्या चिऱ्याच्या घराच्या सातबारावर त्याचेही नाव आहे. त्याच्या वाट्याला सहावा हिस्सा येतो, म्हणजे पडवीचा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यामुळे त्याने अर्ज कोरा ठेवून घडी घालून परत आणला. त्याउलट आपल्या रोजगार हमीचा कायदा होता. महाराष्ट्राने १९७७ मध्ये तो केला, तेव्हा त्यात घर किती खणांचे हे विचारले नव्हते. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला काम, एवढीच परीक्षा होती. ती परीक्षा कठोर आहे आणि म्हाताऱ्याला, आजाऱ्याला ती देता येत नाही. पण तिच्यात माणसाला स्वतःच्या आजोबांच्या घराची लाज वाटण्याची वेळ येत नव्हती.

शेवटी भावाने अर्जासोबत जे पाठवले त्यात सातबारा, आठ अ, घरपट्टीचा उतारा, वंशावळ, मूल्यांकन, यांची इंग्रजी भाषांतरे होती, ग्रामपंचायतीचा दाखला होता की सदर घर वर्षाचा बहुतेक काळ बंद असते, आणि चोवीस महिन्यांची वीजबिले होती. ‘तिथे कोण राहते’ या प्रश्नाखाली त्याने काय लिहावे हे आम्ही दोघांनी फोनवर शब्द शब्द जुळवून ठरवले. कायम कुणी राहत नाही. माझी थोरली बहीण पंधरा दिवसांतून एकदा देखभालीसाठी आणि पूजेसाठी जाते. कुटुंबातील सर्व हिस्सेदार वर्षातून एक-दोनदा धार्मिक सणांसाठी एकत्र येतात. भाडे येत नाही. त्याने ते इंग्रजीत वाचून दाखवले तेव्हा मला आमच्या घराचे वर्णन एखाद्या अनोळखी माणसाने केल्यासारखे वाटले, पण त्यात खोटा एकही शब्द नव्हता.

सात आठवड्यांनी उत्तर आले. त्यांनी न वाटलेल्या हिश्श्याची किंमत मान्य केली होती. ती ६,००० पौंडांच्या खाली होती, त्यामुळे घरापोटी काही कापले गेले नाही. पत्राच्या शेवटी लिहिले होते की परिस्थितीत कोणताही बदल झाल्यास त्वरित कळवावे. वाटणी झाली, विक्री ठरली, कुणी राहायला आले, तर कळवायचे. भावाने ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवले.

गेल्या आठवड्यात कौले परतायला माणूस आला होता. देवघरावरची अकरा कौले फुटली होती, माकडांनी. ती बदलून होईपर्यंत मी थांबले, दिवा लावला, आणि निघताना मीटरपाशी फोन धरून भावाला आकडा दाखवला, कारण हल्ली तो दरवेळी मागतो. शेवटचा आकडा एकाने पुढे सरकला होता. दिवसभर माजघरातला दिवा चालू राहिला होता आणि माणसाने आपला ड्रिल यंत्राचा पिनही तिथेच लावला होता. भाऊ तिकडून बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले की कौलांचे किती झाले, त्याच्या वाट्याचे तो पाठवतो. मी सांगितले की चार हजार चारशे झाले, तुझे अकराशे.